गाईचा हिशेब घोड्याला चालत नाही

या पुस्तकात औषधांचा भाग फार थोडा आहे, हे पहिल्याच पानावर सांगितलेले बरे. घोड्याच्या पोटदुखीवरचे पुस्तक म्हटले की वाचक आधी इंजेक्शनांची आणि काढ्यांची यादी शोधतो. ती इथे मिळणार नाही. पोटशूळ उठलेल्या घोड्यावर उपचार करणे हे पशुवैद्यकाचे काम, आणि ते त्यानेच करावे. पण तो शूळ पुष्कळदा तयार होतो तो ठाणावर, तोबऱ्यात आणि वैरणीच्या भाऱ्यात. तिथे निर्णय घेणारा माणूस म्हणजे घोड्याचा मालक किंवा त्याला सांभाळणारा पोरगा. हे पुस्तक त्या दोघांसाठी आहे.

रायगड जिल्ह्यात घोडे फार नाहीत, पण जे आहेत ते सगळे कष्टाचे आहेत. माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे दस्तुरी नाक्यापासून पुढे माणूस पायी जातो, नाहीतर मिनी ट्रेनने, रिक्षाने किंवा घोड्यावरून. तिथल्या परवानाधारक घोड्यांची संख्या साडेचारशेच्या आसपास आहे आणि त्यांच्यावर अश्वपालांची घरे चालतात. अलिबागला ओहोटी लागली की घोडागाड्या कुलाबा किल्ल्याकडे निघतात. काशीद-मुरूडच्या किनाऱ्यावर पोरासोरांना फिरवणारे घोडे आहेत. लगीनसराईत वरातीला लागणारे घोडे तर गावोगाव दिसतात. यांतल्या एकेका जनावरावर एकेका कुटुंबाची चूल अवलंबून असते. असा घोडा रात्रीतून पोट फुगून गेला, तर त्या घराची वर्षाची मिळकत गेली.

मी कासूचा. पेण आणि नागोठणे यांच्या मधे, पनवेल-रोहा लोहमार्गावरचे हे गाव. स्टेशनवर उतरले की नजर जाईल तिथवर भातखाचरे. भात झोडले की घरोघर पेंढ्याच्या उडव्या रचल्या जातात आणि पुढचे आठ महिने गाय, बैल, म्हैस त्या पेंढ्यावर निघतात. आमच्याकडे जनावर म्हणजे गाय-बैल. वैरणीचे सगळे शहाणपण त्यांच्यावरून आलेले. ते शहाणपण पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे आणि गाईसाठी ते खरेही आहे. अडचण एवढीच की तेच शहाणपण आपण घोड्याला लावतो. पुढच्या प्रकरणांत ज्या तक्रारी येतील त्यांतल्या बऱ्याचशा तक्रारींच्या मुळाशी हेच आहे. गवत खाणारे जनावर, चार पाय, मोठे पोट, मग गाईला चालते ते घोड्याला का चालू नये, असा तो विचार.

न चालण्याचे कारण पोटाच्या रचनेत आहे. गाईने खाल्लेला चारा आधी मोठ्या पोटात, रूमेनमध्ये, जाऊन पडतो. तिथले सूक्ष्म जीव तो कुजवतात, गाय निवांत बसून रवंथ करते आणि मग अन्न पुढे सरकते. निकृष्ट पेंढ्यातूनही गाय काहीतरी पदरात पाडून घेते ते यामुळे. घोड्यात हा क्रम उलटा आहे. त्याचे जठर लहान, मोठ्या घोड्यातही जेमतेम ८ ते १५ लिटरचे. पुढे वीसेक मीटर लांबीचे लहान आतडे, आणि मग शेवटाकडे अंधांत्र आणि मोठे आतडे. कुजवणाऱ्या जीवांची वस्ती या शेवटच्या भागात. म्हणजे दाण्यातला स्टार्च आणि प्रथिने आधी लहान आतड्यात पचायला हवीत आणि चोथा तेवढा मागे पोचायला हवा. हा क्रम बिघडला की घोडा आजारी पडतो.

घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते, त्याने खाल्ले असो वा नसो. ते आम्ल मारणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. मोकळ्या माळावरचा घोडा दिवसातले सोळा तास तरी चरत असतो. थोडे खातो, दोन पावले पुढे सरकतो, पुन्हा खातो. त्याचे जठर कधी पूर्ण रिकामे नसते आणि कधी गच्च भरलेलेही नसते. आपण त्याला ठाणावर बांधतो आणि सकाळ-संध्याकाळ दोनदा खायला घालतो. गाईला हे मानवते, तिच्याकडे रवंथ करायला साठा असतो. घोड्याचे जठर मधल्या वेळात रिते राहते आणि आम्ल त्याच्या वरच्या नाजूक अस्तरावर चढते. चढावर किंवा दौडीत पोट हलले की ते आणखी उसळते. जठराला व्रण पडतात ते असे. घोडा खाता खाता थांबतो, तंग आवळताना चावायला येतो, अंग धरत नाही, आणि मालक म्हणतो की जनावर तापट आहे.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. घोड्याला ओकता येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेले उलटून बाहेर येत नाही. जास्त झालेला दाणा, फुगलेला हरभरा, आंबलेले गवत यांतले काहीही परतवण्याची सोय निसर्गाने त्याला दिलेली नाही. म्हणून काय घालायचे याचा विचार घालण्याआधीच करावा लागतो.

आता चंदीबद्दल. आपल्याकडे घोड्यावरची माया चंदीच्या मापात मोजली जाते. घोडा दमला, जास्त चंदी. गिऱ्हाईक वाढले, जास्त चंदी. वर गुळाचा खडा. पण एक किलो सुके गवत चावायला घोड्याला चाळीसेक मिनिटे लागतात, तेवढाच दाणा तो दहा मिनिटांत संपवतो. दाणा भराभर पोटात जातो, लाळ कमी सुटते, आणि लहान आतड्याच्या आवाक्याबाहेरचा स्टार्च न पचता मागच्या आतड्यात उतरतो. तिथे तो झपाट्याने आंबतो, लॅक्टिक आम्ल तयार होते, चोथा कुजवणारे उपयोगी जीव मरतात आणि त्यांच्या मरणातून विष सुटते. त्याचा पहिला परिणाम वायू आणि शूळ. दुसरा खुरांवर होतो. खुराच्या आतले थर सुजून सुटू लागतात, त्याला लॅमिनायटिस म्हणतात. खाल्ले तोंडाने, पण पाय कायमचे अधू झाले, असे घोडे पाहिल्यावर चंदीच्या मापाबद्दल माणूस कडक होतो.

किती चंदी चालेल, याचा साधा हिशेब सांगतो. एका वेळेला घोड्याच्या दर किलो वजनामागे स्टार्च एक ग्रॅमच्या वर जाऊ नये. आपल्याकडचा भाड्याचा घोडा ३०० किलोचा धरला तर एका वेळेस ३०० ग्रॅम स्टार्च. मक्यात दोन तृतीयांश स्टार्च असतो, म्हणून मका एका वेळेला साडेचारशे ग्रॅमच्या आत. ओटमध्ये तो कमी, म्हणून ओट सातशे ग्रॅमपर्यंत चालतात. शिवाय ओटचा स्टार्च लहान आतड्यात चांगला पचतो, कच्च्या मक्याचा पचत नाही. मका घालायचाच असेल तर शिजवून किंवा लाह्यांसारखा फुलवून घालावा, नुसता भरडून भागत नाही. हरभरा भिजवून घालायची आपली जुनी रीत बरोबर आहे, कोरडा हरभरा पोटात जाऊन फुगतो. जास्त ताकद हवी असेल तर एका वेळचे माप वाढवू नये, वेळा वाढवाव्यात. दोनाच्या तीन कराव्यात, तीनाच्या चार. आणि ज्या दिवशी घोडा ठाणावरच उभा आहे त्या दिवशी चंदी निम्म्यावर आणावी, वैरण मात्र कमी करू नये.

वैरणीचा हिशेब याच्या उलट आहे. तिथे कमीत कमी किती हे पाहायचे. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुकी वैरण रोज, म्हणजे ३०० किलोच्या घोड्याला साडेचार ते सहा किलो. ती संपूर्ण पेंढ्याची असून चालणार नाही. इथे कासूच्या माणसाला वाईट वाटेल, पण भाताचा पेंढा घोड्याचे मुख्य अन्न होऊ शकत नाही. त्यात वाळूच्या जातीचे सिलिका भरपूर, प्रथिने नगण्य, आणि तो चिवट. घोडा तो नीट न चावता गिळतो, मोठ्या आतड्याच्या अरुंद वळणावर त्याचा बोळा अडकतो आणि लीद बंद होते. दात झिजलेल्या म्हाताऱ्या घोड्यात तर हे हमखास. चांगल्या गवतात मूठभर पेंढा मिसळला तर तोंड चालू राहायला मदत होते. त्यापलीकडे त्याच्यावर विसंबू नये.

कोंड्याचेही तसेच. भाताचा ताजा कोंडा थोडा चालतो, पण त्यातले तेल लवकर खवट होते आणि गिरणीतून आणलेले पोते महिनाभर वापरले जाते. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम फार थोडे. रोज भरपूर कोंडा खाणाऱ्या घोड्याची हाडे, विशेषतः तोंडाची, सुजून ठिसूळ होतात. पोट साफ होते म्हणून आठवड्यातून एकदा गरम कोंड्याची आंबोण घालणारे आहेत. तिने पोट साफ होत नाही. एका दिवसासाठी खाणे बदलल्याने आतड्यातल्या जीवांचा तोल मात्र ढळतो.

राहता राहिले डोंगरी गवत. आमच्या वरकस जमिनीवरचे गवत ही या भागातली घोड्यासाठीची सगळ्यांत चांगली वस्तू आहे, पण ते उशिरा कापले जाते. फुलोऱ्यावर आलेल्या गवतात कस असतो. तेव्हा पाऊस असतो आणि कापले तर वाळत नाही. दसरा-दिवाळीनंतर ऊन लागते तेव्हा गवताने बी टाकलेले असते आणि काडी लाकडासारखी झालेली असते. यावर उपाय आहे. परतीच्या पावसात चार दिवस उघडीप मिळाली की थोडे का होईना, आधी कापून मांडवाखाली वाळवावे. यावर एक अख्खे प्रकरण आहे आणि मला तेच सगळ्यांत जास्त वाचले जावेसे वाटते.

कारण कोकणात घोड्याच्या पोटाची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. हे आजचे ज्ञान नाही. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या दलवटणे येथे छावणीला असलेल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका यासाठी ते नेहमी सांगितले जाते. पण त्या पत्राचा गाभा वैरणीचा आहे. दाणा, चंदी, गवत आहे म्हणून मनाला येईल तसे खर्च केले तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, हा त्याचा आशय. गवताच्या साठ्याला आग लागू नये म्हणून चुलीपासून दिव्याच्या वातीपर्यंतची काळजी त्यात सांगितली आहे. इतक्या मोठ्या राज्याच्या कारभारात पागेच्या गवताचा साठा शेवटपर्यंत पुरवण्याचा विचार राजा स्वतः करतो, यात मला घोड्याविषयीची खरी जाण दिसते. कोकणात छावणी करायची तर पावसाळाभराची वैरण कोरडी ठेवावी लागते, हे त्यांना ठाऊक होते.

आज काय होते? जूनमध्ये पहिल्या सरींनंतर आठ-दहा दिवसांत बांध हिरवे होतात आणि सुकी वैरण महाग झालेली असते. घोडा एका रात्रीत कोवळ्या गवतावर सोडला जातो. त्या गवतात पाणी आणि साखर जास्त, चोथा कमी. आतड्यातल्या जीवांना नव्या अन्नाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, ते दिवस त्यांना मिळत नाहीत. पोट फुगते, लीद पातळ होते, शूळ उठतो. दुसरा धोका कापून आणलेल्या ओल्या गवताच्या भाऱ्याचा. बांधून ठेवलेला ओला भारा काही तासांत आतून गरम होतो. हात घातला तर ऊब लागते. तो घोड्याला घालू नये. बुरशीचा वास येणारी वैरण गाय-बैलांच्या गोठ्यात एक वेळ खपते, घोड्याच्या पुढ्यात ती टाकूच नये. हिरवे गवत सुरू करताना पहिल्या दिवशी दोन मुठी, आणि आधी सुक्या गवताने पोट निम्मे भरलेले, अशी सुरुवात करावी. सुक्याचा नवा भारा वेगळ्या डोंगरावरचा असेल तरी जुन्यात मिसळत मिसळत बदलावा. बदल फक्त चंदीचाच जपायचा असे नाही, वैरणीचाही जपायचा.

माथेरानच्या घोड्याचे दुखणे वेगळे, ते वारांचे आहे. सोमवार ते गुरुवार काम थोडे, शनिवार-रविवार श्वास घ्यायला उसंत नाही. त्या दोन दिवसांत घोडा सकाळी उपाशी निघतो, लाल धुळीत दिवसभर फेऱ्या मारतो आणि रात्री भुकेला असताना त्याच्यापुढे मोठा तोबरा येतो. रिकामे पोट, थकवा, पाण्याची कमतरता आणि वर भरमसाट दाणा, ही चारही कारणे एकाच रात्री एकत्र येतात. शनिवारी सकाळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास किलोभर गवत खाऊ घालावे. नाक्यावर गिऱ्हाइकाची वाट पाहताना जाळीच्या पिशवीत गवत समोर टांगावे. रात्री आल्यावर आधी पाणी, मग गवत, आणि अंग निवून तासभर झाल्यावर चंदी. पर्यटक प्रेमाने पाव, बिस्किटे, वेफर, मक्याच्या कणसाचे दांडे पुढे करतात. कणसाचा दांडा आतड्यात अडकतो आणि पिशवीसकट गिळलेला खाऊ तर शस्त्रक्रियेशिवाय निघत नाही. अश्वपालाने नम्रपणे, पण ठामपणे नको म्हणावे.

अलिबागला अडचण भरती-ओहोटीची. ओहोटीची वेळ रोज पन्नासएक मिनिटांनी पुढे सरकते, तसे गाडीचे कामही सरकते. आज सकाळी आठला जुंपलेला घोडा आठवड्याने भर दुपारी जुंपला जातो. अशा घोड्याला घड्याळाच्या काट्यावर चंदी घालणे शक्य नाही, म्हणून त्याच्यापुढे सुके गवत सतत असणे हाच मार्ग. आणि ते वाळूवर टाकायचे नाही. गवताबरोबर रोज मूठमूठ वाळू पोटात जाते, आतड्याच्या तळाशी साठते आणि एक दिवस घोडा लोळू लागतो. ओंजळभर लीद पाण्याच्या बादलीत विरघळवून थोडा वेळ ठेवा, तळाशी काय बसते ते पाहा. वाळू दिसली तर त्याच दिवशी गव्हाण उंच करा, खाली गोणपाट किंवा फळी टाका.

घोडा विकत आणतानाही पोटाचा विचार लागतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो आणि राज्यभरातले शौकीन तिथून घोडे आणतात. तो घोडा ज्वारीच्या कडब्यावर, कुट्टीवर आणि तिकडच्या दाण्यावर वाढलेला असतो. ट्रकमध्ये रात्रभर पाण्याविना उभा राहून तो कोकणात उतरतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे भाताचा पेंढा येतो. घेणारा दात पाहतो, भोवरे पाहतो, चाल पाहतो. त्याने विकणाऱ्याला हेही विचारावे की हा काय खातो, किती आणि किती वेळा. दहा-बारा दिवसांची त्याची ओळखीची वैरण आणि दाणा सोबत आणावा. सौद्याच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

पाण्याबद्दल एक समजूत फार घट्ट आहे, की घामाघूम घोड्याला पाणी दाखवायचे नाही. तहानलेला ठेवल्याने आतड्यातला चोथा सुकतो आणि अडकतो. थोडे थोडे करून साधे पाणी लगेच पाजावे, मधे चार पावले चालवावे, पुन्हा पाजावे. ३०० किलोचा घोडा विसाव्यातही १५ ते २० लिटर पाणी पितो, उन्हात कामावर याच्या दुप्पट लागू शकते. घामातून मीठ जाते आणि मीठ कमी पडले की तहान मरते, म्हणून चंदीत जाड्या मिठाची चिमूट नव्हे, चांगला मोठा चमचा रोज.

आणखी दोन गोष्टी, दोन्ही जिवावरच्या. गाई-म्हशींचे किंवा कोंबड्यांचे तयार खाद्य घोड्याला घालू नये. काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. गाईला ते उपयोगी आहे, घोड्याचे हृदय त्याने थोड्या मात्रेतही निकामी होते. पोत्यावर लिहिलेले वाचता येत नसेल किंवा पोते सुटे असेल तर ते घेऊच नका. दुसरी गोष्ट, शूळ उठलेल्या घोड्याला मान वर धरून बाटलीने तेल किंवा काढा पाजू नये. ते फुप्फुसात जाते आणि पोटदुखीने न मेलेला घोडा न्युमोनियाने मरतो. पशुवैद्यक नाकातून नळी थेट जठरात घालतो, जठरात साठलेले बाहेर काढतो, मग औषध देतो. मुंबईत परळला १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, तेव्हापासून या विद्येचे शिक्षण आपल्या दारात आहे. तिचा उपयोग वेळेवर करून घ्यावा.

वेळेवर म्हणजे केव्हा? घोडा पुन्हा पुन्हा कुशीकडे वळून पाहू लागला, पुढच्या पायाने जमीन उकरू लागला, वरचा ओठ मुडपू लागला, बसउठ करू लागला, चंदीला तोंड लावेना आणि लीद टाकेना, यांतली दोन लक्षणे एकत्र दिसली की पुढ्यातले सगळे खाणे काढून घ्यावे आणि फोन करावा. फोनवर सांगायला तीन गोष्टी तयार ठेवाव्यात. शेवटची लीद कधी टाकली, गेल्या पंधरा दिवसांत खाण्यात काय बदलले, आणि नाडीचे मिनिटाला किती ठोके पडतात. विसाव्यातल्या घोड्याची नाडी २८ ते ४४ असते. ती साठीच्या पुढे गेली असेल तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. नाडी जबड्याखाली बोट ठेवून कशी मोजायची याचे चित्र चौथ्या प्रकरणात आहे. घोडा धडधाकट असतानाच त्याचा सराव करून ठेवावा, दुखणाऱ्या जनावराजवळ पहिल्यांदा शिकता येत नाही.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी वाचकाने घरात दोन वस्तू आणून ठेवाव्यात, एक लटकवायचा वजनकाटा आणि एक शिंप्याची टेप. या पुस्तकातली सगळी मापे किलोत आणि ग्रॅममध्ये आहेत, भारे आणि टोपल्यांत नाहीत. दोन गावांतले भारे सारखे नसतात आणि ओटने भरलेला डबा मक्याने भरला तर त्यात जवळजवळ दुप्पट वजन मावते. घोड्याच्या वजनासाठी पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्यावा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी घ्यावी. घेराला घेराने गुणावे, त्याला लांबीने गुणावे आणि ११,९०० ने भागावे. घेर १५५ आणि लांबी १४० भरली तर वजन सुमारे २८० किलो येते. हा आकडा ठाणाच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवावा. पुढच्या प्रत्येक प्रकरणात तो लागणार आहे.